उद्याच्या शिक्षकांचा आजचा वर्ग

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

"तू शिकून कोन होनार?" असे आमची आजी अजूनही मला विचारते. माझे उत्तर तिला पाठ आहे, तरी ते माझ्या तोंडून ऐकायला तिला आवडते. "मास्तरीन होनार, आजी," असे मी म्हटले की तिचे समाधान होते. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. वडील सातवीपर्यंत शिकले. आईने तिसरीत शाळा सोडली आणि ती धाकट्या भावंडांना सांभाळू लागली. आजी तर शाळेत गेलीच नाही. त्यामुळे 'मास्तरीण' या शब्दाभोवती आमच्या घरात एक ठरावीक चित्र आहे. फळ्यापुढे एक बाई उभी आहे, ती बोलते आहे आणि समोरची मुले हाताची घडी घालून ऐकत आहेत. वर्ग जितका शांत, तितकी बाई चांगली!

गेल्या वर्षापर्यंत माझेही चित्र तेच होते. ते कसे बदलले आणि त्या ओघात मी जे थोडेफार वाचले, ते या लेखात मांडायचे आहे. ज्यांना उद्या शिक्षक व्हायचे आहे, त्यांना आज महाविद्यालयात कोणत्या रीतीने शिकवले जावे, हा माझ्या लेखाचा प्रश्न आहे. मी शिक्षणशास्त्राची विद्यार्थिनी नाही. तेव्हा काही चुकले तर प्राध्यापकांनी सांभाळून घ्यावे आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनी मला भेटून सांगावे.

पायली, अधोली आणि शेर

दहिवलीला आमच्या ओटीवर गेल्या वर्षीच्या जून महिन्यापासून संध्याकाळी आठ मुले अभ्यासाला येतात. ती चौथी ते सहावीची आहेत. त्यांतली दोन जवळच्या कातकरी वाडीवरची. मी पैसे घेत नाही. मास्तरीण व्हायचे तर सवय हवी, एवढाच माझा स्वार्थ.

पहिल्या महिन्यात मी अपूर्णांक शिकवायला घेतले. व्याख्या सांगितली, अंश म्हणजे काय, छेद म्हणजे काय ते सांगितले, वहीत उतरवून घेतले. अर्धा तास मी एकटी बोलत होते. मुले गप्प होती. मला माझा मोठा अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी विचारले, "१/२ मोठा की १/४?" आठांपैकी सहा मुलांनी सांगितले, "१/४". का? तर चार हा दोनापेक्षा मोठा! मी पुन्हा समजावले. या वेळी आवाज वाढवून समजावले. मुलांनी माना डोलावल्या; पण त्या माना माझ्या आवाजाला होत्या, गणिताला नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी ओटीच्या कडेला आजी शेजारणीला उसने भात मापून देत होती. पाचवीतली एक कातकरी मुलगी वही सोडून तिकडेच पाहत होती. मी रागावणार इतक्यात तिने विचारले, "ताई, ते बारकं माप कोंचं?" मी म्हटले, "शेर." ती थोडा वेळ बोटे मोजत बसली आणि म्हणाली, "चार शेर घातलं का पायली भरती. मंग शेर बारीकच ना! चार लागतात म्हनून बारीक."

छेद वाढला की भाग लहान होतो, हे जे मला दोन दिवसांत सांगता आले नाही ते तिने एका वाक्यात सांगितले. मी आजीकडून पायली, अधोली आणि शेर ही तिन्ही मापे मागून घेतली, मधोमध ठेवली आणि गप्प बसले. मुलांनी मापे भरली, ओतली, भांडली. अधोली दोन वेळा भरली की पायली होते, शेर दोन वेळा भरला की अधोली होते, हे त्यांनी आपापसांत ठरवले. मग एका मुलाने मला अडवले : "तीन वाटे करायचं माप कुठंय?" तसले माप आमच्या घरात नाही. मी सुतळी आणून दिली आणि तिचे सारखे तीन भाग घड्या घालून कसे पाडायचे हे आम्ही सर्वांनी मिळून शोधले. त्या दिवशी ओटीवर एवढा गलका झाला, की आईने आतून दोनदा विचारले, "अभ्यास चाललाय का दंगा?"

दिवाळीनंतर ती मुलगी आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली. पावसाच्या तोंडाशी परत आली तेव्हा 'अंश' आणि 'छेद' हे शब्द ती विसरली होती. मात्र पायलीचा चौथा भाग लहान की अर्धा, हे तिने न अडखळता सांगितले. माझ्या व्याख्या वहीत राहिल्या होत्या आणि ती वही भट्टीवर हरवली होती.

आपण शिकवतो कसे?

यानंतर मला एका प्रश्नाने छळले. सुरुवात व्याख्येने करायची, असे मला कोणी सांगितले होते? कोणीच नाही. मी तशीच शिकले होते, म्हणून तशीच शिकवत होते.

डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली 'स्कूलटीचर' नावाच्या ग्रंथात याच गोष्टीचा विचार केला आहे. त्याच्या हिशेबाप्रमाणे शाळा संपेपर्यंत विद्यार्थी सुमारे १३,००० तास शिक्षकांना जवळून पाहतो. सुतारकाम शिकणारा पोरगा जसा कारागिराच्या हाताखाली उमेदवारी करतो, तशी ही आपली न कळत झालेली उमेदवारीच असते. फरक एवढाच, की सुताराच्या पोराला रंधा हातात मिळतो आणि आपण नुसते समोर बसून पाहतो. शिक्षक तसे का करतो हे आपल्याला कळत नाही. तो करतो ते मात्र अंगवळणी पडते. पुढे शिक्षक झाल्यावर ही जुनी सवयच वर येते. प्रशिक्षणाच्या काळात चार नव्या पद्धतींची नावे पाठ केली तरी १३,००० तासांपुढे त्यांचे काय चालणार?

म्हणून मला असे वाटते, की 'संवादी अध्यापन' हा विषय भावी शिक्षकांना व्याख्यानातून शिकवता येणार नाही. संवादाचे महत्त्व या विषयावर पाऊण तास एकट्याने बोलणे आणि विद्यार्थ्यांनी ते उतरवून घेणे, यातून विद्यार्थी जे शिकतो ते व्याख्यानच असते.

येथे एक खुलासा केला पाहिजे. संवाद म्हणजे नुसते प्रश्न विचारणे नव्हे. "समजले ना?" असे विचारल्यावर सगळा वर्ग सुरात "होऽऽ" म्हणतो, तो संवाद नसतो. शिकणाऱ्याला स्वतः काही करावे लागते, आपले मत बनवावे लागते, ते दुसऱ्यापुढे मांडावे लागते आणि चुकले तर बदलावे लागते, तेथे संवाद होतो. गटचर्चा, प्रकल्प, भूमिकापालन, एकमेकांना शिकवणे ही सारी त्याची रूपे आहेत.

वडिलांना मी हे सांगितले तेव्हा ते हसले. कर्जतच्या भात संशोधन केंद्रात ते एकदा शिवारफेरीला गेले होते आणि नंतर त्यांनी आमच्या तुकड्यात 'कर्जत-३' लावले. ते म्हणाले, "कागद वाचून कोन बियानं बदलतं? लोंबी हातात घेतली तवा पटलं." शेतकऱ्यांना पटवायचे तर त्यांना शेतात न्यावे लागते, हे कृषी खात्याला कळते. शिक्षकांच्या बाबतीत मात्र आपण अजून कागदावरच आहोत.

कोसबाडच्या टेकडीवर

भावी शिक्षकांना कामातून आणि संवादातून घडवण्याचा एक मोठा प्रयोग आपल्याच कोकणपट्टीत झाला. तो ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे, शहरातल्या मुलांसाठी झाले ते खेड्यातल्या गरीब मुलांसाठी व्हावे, या ओढीने त्यांनी १९४५ च्या डिसेंबरात बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई तेव्हापासून त्यांच्याबरोबर होत्या. नंतर हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. त्या काळी ठाणे जिल्ह्यात असलेला हा डहाणू तालुका २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे.

या दोघींना मुलांनीच शिकवले, असे म्हटले तर ते वावगे होणार नाही. वस्तीतली मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसले, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. त्यातून 'अंगणवाडी' आकाराला आली. १९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि हा मराठी शब्द देशभर गेला. वारली मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत असे दिसले, तेव्हा शिक्षक कुरणात गेला आणि 'कुरणशाळा' जन्मली. माँटेसरीची महागडी साधने परवडत नाहीत, तर शंख-शिंपले, बिया, खडे, पाने-फुले यांची साधने झाली.

माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. बालवाडी चालवणाऱ्या सेविकांचे आणि शिक्षकांचे प्रशिक्षण याच परिसरात होत असे. शिकणारी मुले आणि शिकवायला शिकणाऱ्या स्त्रिया एकाच टेकडीवर! मुलांना न्हाऊ घालणे, त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलणे, साधने हाताने करणे ही कामे अभ्यासक्रमाबाहेरची नव्हती. सकाळी पुस्तकात वाचलेले दुपारी मुलाने खोटे पाडले, तर त्याचा विचार संध्याकाळी करावाच लागणार. अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' हे आत्मकथन आपल्या मित्रमैत्रिणींनी जरूर वाचावे. एक प्रसंग मोठा करून सांगण्याचा सोस त्यात नाही; काम आहे, अडचण आहे आणि पुन्हा काम आहे.

ताराबाई १९७३ साली गेल्या आणि अनुताई १९९२ साली. पण शिक्षक तयार करायची जागा मुलांपासून दूर असू नये, हा त्यांचा धडा जुना झालेला नाही. कोल्हापूरच्या लीलाताई पाटील यांचे उदाहरण येथे आठवते. बी.एड.च्या विद्यार्थ्यांना शिकवण्याचा दीर्घ अनुभव घेतल्यावर त्यांनी १९८५ साली 'सृजन आनंद विद्यालय' ही प्राथमिक शाळा काढली. शिक्षकांचे शिक्षक स्वतः लहान मुलांपुढे उभे राहिले, तर ते काय सांगतात याला वजन येते.

शिक्षक कोठून यावेत, हा प्रश्नही आपल्याकडे जुना आहे. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात त्यांनी शेतकरी वर्गातून आलेले, प्रशिक्षण घेतलेले आणि मुलांत मिसळणारे शिक्षक असावेत, प्रसंगी नांगराची मूठ धरायलाही त्यांना लाज वाटू नये, अशा आशयाची मागणी केली होती. ही मागणी वाचली तेव्हा मला आमची पायली आठवली. वर्गात जी माझ्या बोलीची आणि घराची लाज होती, ती शिक्षिका म्हणून माझी शिदोरी ठरू शकते, असे प्रथमच वाटले. आपल्याच तालुक्यात हुतात्मा भाई कोतवाल यांनी सशस्त्र लढ्यात उतरण्यापूर्वी खेड्यांतल्या मुलांसाठी शाळा सुरू केल्या होत्या. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांना वीरमरण आले, हे आपण दरवर्षी आठवतो. त्यांच्या शाळाही आठवायला हव्यात.

शिक्षकच जेव्हा विद्यार्थी होतात

दुसरे उदाहरण शेजारच्या मध्य प्रदेशातले आहे. होशंगाबाद जिल्ह्यातील १६ माध्यमिक शाळांत १९७२ साली विज्ञान शिकवण्याचा एक नवा कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी तो हाती घेतला होता. पुढे तो जिल्हाभर पसरला आणि १९८२ पासून 'एकलव्य' संस्थेने तो चालवला. मुलांनी प्रयोग स्वतः करायचे, निरीक्षणे लिहायची आणि त्यावरून निष्कर्ष काढायचे, अशी रचना होती.

पण मुलांनी असे शिकायचे, तर शिक्षकांचे काय? त्यांच्या प्रशिक्षण शिबिरांत शिक्षक गटागटाने बसून तेच प्रयोग करत. प्रयोग फसला तर का फसला यावर वाद होई. दिल्ली विद्यापीठ आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था येथील शास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर बसत. खेड्यातला शिक्षक मोठ्या शास्त्रज्ञाला "हे मला पटत नाही" असे म्हणू शकला, तर उद्या आपल्या विद्यार्थ्याने तसे म्हटल्यावर तो रागावणार नाही. हा कार्यक्रम २००२ साली सरकारने बंद केला. तीस वर्षे चाललेली गोष्ट एका आदेशाने थांबली, याचे वाईट वाटते. पण शिक्षकाला विद्यार्थ्याच्या जागी बसवून शिकवता येते, हे या तीस वर्षांनी दाखवून दिले.

सूक्ष्म अध्यापनाची छत्तीस मिनिटे

आज बी.एड. करणाऱ्यांना 'सूक्ष्म अध्यापन' करावे लागते. ही कल्पना १९६० नंतरच्या काळात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचे, जसे प्रश्न विचारणे किंवा फलकलेखन. भारतात रूढ झालेल्या नमुन्यात ६ मिनिटे पाठ, ६ मिनिटे त्यावर चर्चा, १२ मिनिटे पुन्हा आखणी, ६ मिनिटे पुन्हा पाठ आणि ६ मिनिटे पुन्हा चर्चा, असे ३६ मिनिटांचे चक्र असते. चुकायला, ऐकून घ्यायला आणि लगेच सुधारायला संधी देणारी ही पद्धत मला फार आवडली. आपल्या कोणत्या विषयात चूक केल्यावर अर्ध्या तासाच्या आत ती सुधारण्याची संधी मिळते?

आमच्या आळीतली एक ताई बी.एड. झाली आहे. तिला मी याविषयी विचारले. ती म्हणाली, "पद्धत चांगली आहे गं, पण समोर मुलं म्हणून आपल्याच मैत्रिणी बसतात. त्या सगळी उत्तरं बरोबर देतात. लहान मुलासारखं चुकायचं कसं, ते आम्हाला येत नाही." तिच्या या बोलण्यात मोठे तथ्य आहे. '१/४ मोठा' असे मनापासून म्हणणारे मूल समोर असल्याशिवाय शिक्षक शिकत नाही. या दृष्टीने २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि त्यात किमान २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत घालवणे आवश्यक ठरले, हे योग्यच झाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर शिक्षकांसाठी चार वर्षांच्या एकात्मिक पदवीचा मार्ग सुचवला आहे. मात्र आठवडे वाढले म्हणजे संवाद वाढला, असे नव्हे. शाळेत जाऊन मागच्या बाकावर बसून नोंदवही भरली, तर १३,००० तासांत आणखी काही तासांची भर पडेल, इतकेच.

गप्प बसणाऱ्यांचे काय?

आता मला थोडे स्वतःविषयी सांगायचे आहे, कारण ते सांगितल्याशिवाय हा लेख अपुरा राहील.

पहिल्या वर्षी एका तासाला चर्चा ठेवली होती. प्रश्न मला येत होता. उत्तर मनात तयार होते. पण आमच्या बोलीत 'ण' चा 'न' होतो. 'पाणी' म्हणायचे असले की तोंडातून 'पानी' येते. वर्ग हसेल, या भीतीने मी हात वर केला नाही. जे चार जण नेहमी बोलतात तेच त्या दिवशीही बोलले आणि चर्चा छान झाली, असे सर्वांचे मत पडले. मी घरी येताना उल्हास नदीच्या पुलावर माझे उत्तर मोठ्याने म्हणून पाहिले. ते बरोबर होते.

संवादी पद्धतीचे कौतुक करणाऱ्यांनी ही बाजू ध्यानात घ्यावी. व्याख्यानात सगळेच सारखे गप्प असतात. खुली चर्चा सुरू झाली, की ज्यांच्या घरी पुस्तके आहेत, ज्यांची भाषा पुस्तकी आहे, ते बोलतात. आणि माझ्यासारखे दुप्पट गप्प होतात. पद्धत नवी येते, पण तिचा लाभ जुन्यांनाच मिळतो.

यावर उपाय नाही असे नाही. पुढच्या सत्रात आमच्या एका प्राध्यापकांनी प्रश्न विचारून सांगितले, "आधी दोन मिनिटे वहीत लिहा. मग दोन मिनिटे शेजारच्याला सांगा. मग मी कोणालाही विचारीन." शेजारच्या मुलीला सांगताना मला 'न' आणि 'ण' यांची आठवणही झाली नाही. मग तीच म्हणाली, "हे सरांना सांग." आणि मी सांगितले. महाविद्यालयात वर्गासमोर उच्चारलेले ते माझे पहिले वाक्य. नंतर वाचनात आले, की ही रीत अमेरिकेतील फ्रँक लायमन यांनी १९८१ साली मांडली : आधी एकट्याने विचार, मग जोडीत बोलणे, मग सर्वांना सांगणे.

याहून पुढची एक पद्धत १९७१ साली टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन गावी मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी सुरू केली. तोपर्यंत वेगळ्या शाळांत शिकणारी गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुले तेथे नुकतीच एका वर्गात आली होती आणि त्यांच्यात तंटे होत होते. ॲरन्सन यांनी पाच-सहा मुलांचे मिश्र गट केले आणि धड्याचे तेवढेच तुकडे करून प्रत्येकाला एकेक तुकडा दिला. आपला तुकडा नीट समजून घ्यायचा आणि गटाला शिकवायचा. परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर! आता इंग्रजी अडखळत बोलणाऱ्या मुलाला हसून कोणाचाच फायदा नव्हता. त्याच्याजवळचा तुकडा इतर कोणाजवळ नव्हता. मुले त्याला धीराने प्रश्न विचारू लागली आणि तोही बोलू लागला. आपण याला 'तुकडेजोड पद्धती' म्हणू या. माणसाला बोलायला नुसती परवानगी देऊन भागत नाही; त्याच्याजवळ इतरांना हवे असलेले काही आहे, अशी रचना करावी लागते. त्या कातकरी मुलीजवळ शेर आणि पायलीचे ज्ञान होते, म्हणूनच ती आमच्या ओटीवर बोलली.

अडचणीही आहेत

एका वर्गात शंभरावर विद्यार्थी, सत्र संपायच्या आत संपवायचा अभ्यासक्रम आणि शेवटी स्मरणावर भर देणारी परीक्षा, या अडचणी खऱ्या आहेत. गटात चर्चा करून आलेले शहाणपण उत्तरपत्रिकेत किती गुण मिळवून देईल, याची खात्री नसते. म्हणून आपण विद्यार्थीही "सर, नोट्स द्या" असे म्हणतो. माझ्या वडिलांनी पहिल्याच दिवशी मला विचारले होते, "गाईड घेतलंस का?" यात त्यांचा दोष नाही. ज्या घरात नापास होणे परवडत नाही, तेथे गाईड हा आधार वाटतो.

शिवाय व्याख्यान सर्वस्वी त्याज्य आहे, असेही माझे म्हणणे नाही. एखादी कविता प्राध्यापक रंगून म्हणतात, तेव्हा मध्येच गट पाडायला सांगितले तर मी तरी नाराज होईन. अपरिचित विषयाची ओळख करून द्यायला चांगल्या व्याख्यानासारखे साधन नाही. गटकार्याच्या नावाखाली एकीने लिहायचे आणि पाच जणींनी सह्या करायच्या, हेही आपण पाहतो. तेव्हा प्रश्न प्रमाणाचा आणि नियोजनाचा आहे.

आपल्यापुरते काय करता येईल?

विद्यापीठाचे नियम बदलणे आपल्या हाती नाही. पण काही गोष्टी याच वर्षी करता येतील, असे मला वाटते. एक, प्रत्येक तासाला एक प्रश्न असा असावा, की ज्याचे उत्तर आधी वहीत लिहायचे आणि शेजाऱ्याला सांगायचे. याला पाच मिनिटे लागतात आणि शंभरांच्या वर्गातही हे जमते. दोन, वर्गात एक पेटी ठेवावी. ज्यांना बोलायला संकोच वाटतो त्यांनी शंका चिठ्ठीवर, नाव न घालता, टाकावी. तीन, सत्रातून निदान एक प्रकरण तुकडेजोड पद्धतीने आपण एकमेकांना शिकवावे आणि प्राध्यापकांनी मागे बसून ऐकावे. चार, ज्यांना शिक्षक व्हायचे आहे अशांनी एक मंडळ करावे, आठवड्यातून एकदा जवळच्या प्राथमिक शाळेतल्या किंवा वाडीवरच्या मुलांना शिकवावे आणि दुसऱ्या दिवशी एकत्र बसून, आपले काय चुकले, यावर बोलावे. मोठी साधने लागणार नाहीत. ताराबाई-अनुताईंना शंख-शिंपले पुरले. आम्हाला मापे आणि सुतळी पुरली.

शेवटची सूचना माझ्यासारख्यांसाठी आहे. आपल्यापैकी बरेच जण घरातले पहिले पदवीधर होणार आहेत. त्यांतले काही शिक्षक होतील आणि त्यांच्यापुढे पुन्हा घरातले पहिलेच शिकणारे मूल बसेल. आपण बारा-पंधरा वर्षे गप्प बसून जे सोसले, तेच त्याला देणार की दुसरे काही, हे आपण आज या वर्गात कसे शिकतो त्यावर ठरणार आहे. म्हणून हात वर करावा. 'पानी' म्हणावे लागले तरी करावा. आणि शेजारचा चुकीचे बोलला तर हसू नये.

आमच्या ओटीवर या वर्षी अकरा मुले येतात. ती कातकरी मुलगी आता सहावीत आहे. दिवाळीनंतर ती पुन्हा भट्टीवर जाईल, हे मला ठाऊक आहे आणि ते थांबवणे माझ्या हाती नाही. तोवर तिच्याकडे एक काम दिले आहे : चौथीतल्या मुलांना मापे तीच शिकवते. आजीने तिच्यासाठी शेर वेगळा काढून ठेवला आहे.